मामेसासऱ्यांची 'कमी चाललेली' गाडी

पत्र थोडक्यात, ओळख झाकून: वय ३९, राहायला मनीषनगर, नोकरी कामठीच्या एका शाळेत. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. दोन उन्हाळे दुचाकीवर काढले, तिसऱ्याला चक्कर येऊन पडल्या, मग घरच्यांनी गाडीचं मनावर घेतलं. मागच्या दिवाळीत मामेसासऱ्यांची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, १२०० सीसीची, फक्त ३१ हजार किलोमीटर चाललेली, २ लाख ४० हजारांना. तेव्हापासून बॅटरी ४,८००, चार टायर १७,२००, एसीची कूलिंग कॉइल आणि गॅस १४,५००, मे महिन्यात ऑटोमोटिव्ह चौकात गाडी तापली त्याचे रेडिएटर, वॉटर पंप आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) धरून ११,३००, पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड ७,२००. एकूण ५५ हजार. आता मेकॅनिक म्हणतो क्लच सहा महिन्यांत जाईल आणि स्टेअरिंगमधून टकटक येते ती वेगळीच. दीर म्हणतात "डबडं काढा, नवीन घ्या ईएमआयवर". सासूबाईंसमोर विषय निघत नाही कारण भाऊ त्यांचा. 'आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) अजून मामांच्याच नावावर आहे, घरातलीच गाडी म्हणून राहून गेलं.' प्रश्न दोन: मामांनी आम्हाला फसवलं का, आणि गाडी ठेवू की काढू?

ताई,

तुमच्या पत्रात खर्चाची यादी रुपयापर्यंत लिहिलेली आहे म्हणजे तुम्ही वहीत मांडून ठेवता, त्यामुळे माझं काम सोपं झालं. आता ती वही एकदा पुन्हा उघडा आणि रकमा न बघता फक्त वस्तू वाचा. बॅटरी, टायर, एसीची कॉइल, रेडिएटर, बुश. यातली कोणती वस्तू किलोमीटरनं गेली सांगा बरं? एकही नाही. सगळ्या वयानं गेल्या.

आपल्याकडं बैल घेताना दात बघतात तसं गाडी घेताना मीटर बघतात. ३१ हजार म्हटलं की समोरचा लगेच "अरे वा, काहीच नाही चालली" म्हणतो आणि भाव दहा-वीस हजारांनी चढतो. पण चालून जशी गाडी झिजते तशी उभी राहून ती सडते, आणि नागपुरात जरा लवकरच सडते. दहा उन्हाळे म्हणजे दहा नवतपे, मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस. बाहेर ४५-४६ डिग्री, त्यात मामांनी प्रेमानं कव्हर घातलेलं असणार, आतमध्ये नुसती भट्टी. टायरचं रबर कडक होतं, बाजूला बारीक बारीक चिरा पडतात. एसीच्या सीलना तेल मिळतं ते एसी चालला तरच, वर्षातून चारदा चालणाऱ्या एसीच्या सील सुकणार नाहीत तर काय होईल. कूलंटमधला गंज धरू न देणारा मसाला काही वर्षांत संपतो आणि मग लेव्हल कमी दिसली की कोणीतरी बोअरचं पाणी टाकून मोकळं होतं, आत क्षार धरतो, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. बॅटरीचं तर विचारूच नका, आपल्या गावात तीन वर्षं निघाली की मी हात जोडतो.

आणि मग अशी गाडी दिवाळीपासून रोज चाळीस किलोमीटर पळायला लागली. जे दहा वर्षांत थोडं थोडं व्हायला पाहिजे होतं ते सगळं बारा महिन्यांत एकदम समोर आलं, एवढंच झालंय.

म्हणून मामांनी फसवलं का याचं माझं उत्तर नाही असंच आहे. फसवणं म्हणजे माहीत असून लपवणं. मामा जे म्हणाले ते खरंच होतं, गाडी कमी चालली होती, आणि हा गुण आहे असं त्यांनाही वाटत होतं आणि तुम्हालाही. हां, भाव जरा जास्त लागला हे मी मान्य करतो. कमी चालली म्हणून तुम्ही वीस-पंचवीस हजार वर दिले आणि वय झालंय म्हणून जे कमी व्हायला पाहिजे होते ते कोणी केलेच नाहीत. टायरवरच्या चिरा तर कोणालाही दिसल्या असत्या, टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, १४१४ लिहिलेलं असेल तर २०१४ सालचा चौदावा आठवडा. गाडी २०१४ ची, ३१ हजार चाललेली, म्हणजे टायरही तेव्हाचेच असणार हे तेव्हाच बोलता आलं असतं. पण नात्यात गाडी घेताना आपण वाकून टायर बघत नाही ना, चहा पिऊन चावी घेतो. मीही घेतली आहे अशी.

आता ५५ हजार. दीर म्हणतात वर्षाला ५५ हजार खाते, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्या वर. हिशोब असा करत नाहीत. तुम्ही वर्षाला दहा-साडेदहा हजार किलोमीटर चालवणार, टायर चार वर्षं जातील. बॅटरी तीन वर्षं धरा, एसीचं आणि रेडिएटरचं काम नीट झालं असेल तर पाच-पाच वर्षं, बुश-लिंक रॉड तीन वर्षं, आपले सिमेंट रोड आणि त्यांच्या बाजूचे पेव्हर ब्लॉक बघता याहून जास्त धरत नाही. मग टायरचे वर्षाला ४,३००, बॅटरीचे १,६००, एसीचे २,९००, रेडिएटरचे २,२६०, बुशचे २,४००. झाले १३,४६०, म्हणजे महिन्याला साधारण अकराशे. बाकीचे पैसे तुम्ही पुढच्या वर्षांसाठी आगाऊ भरून ठेवलेत, आणि आज गाडी विकली तर ते आगाऊ पैसे जो घेईल त्याच्या खिशात जातील. नवे टायर आहेत म्हणून दलाल पाच हजार जास्त देईल, सतरा देणार नाही. कूलिंग कॉइल नवीन आहे म्हणून तर कोणी पाच रुपयेही देत नाही, ती डॅशबोर्डच्या पोटात असते, दिसतच नाही. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, नव्याचे भाव उतरले तसे जुन्याचेही उतरले, आज तुम्हाला दोन लाख मिळाले तरी खूप समजा.

पण थांबा, ठेवाच असं मी लगेच म्हणत नाही. माझं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे, आणि ती गोष्ट तुम्ही दोन ओळीत उरकली आहे. मे महिन्यात गाडी तापली. किती तापली? काटा लाल रेघेपर्यंत गेला होता का? लाल दिवा लागल्यावर तुम्ही लगेच बंद केली, की शाळेत उशीर होतो म्हणून थोडी पुढे नेली?

मी का विचारतो ते सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी आणि बायको वर्ध्याला लग्नाला निघालो होतो, मे महिना, दुपारचे बारा. बुटीबोरीच्या जरा आधी एसीतून गरम हवा यायला लागली. मला वाटलं गॅस गेला, मी काच खाली केली आणि चालवत राहिलो. काट्याकडे लक्षच नाही, शहाणपणा सगळा बोलण्यात. सात-आठ किलोमीटर तसाच गेलो, मग बॉनेटमधून वाफ. टपरीवरच्या पोरानं सांगितलं "काका, झाकण उघडू नका, गाडी उकळून राहिली." मी उघडलं. उजव्या मनगटावर अजून डाग आहे. नंतर कळलं की आधीच्या मेकॅनिकनं थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडपच, काढून ठेवला होता, नागपुरात याची गरज नाही म्हणून, आणि फॅनची रिले जळाली होती. ती रिले तेव्हा दीडेकशे रुपयांची होती. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकलं, त्याखालचं गॅसकेट गेलं, हेड घासून सपाट करून आणावं लागलं, तेव्हाचे अकरा हजार गेले आणि इंजिन परत तसं कधी चाललं नाही. लग्नाला आम्ही एसटीनं गेलो, जेवणं उठली होती.

तर क्लच आणि स्टेअरिंगच्या आधी हे बघून घ्या, फुकट आहे. सकाळी गाडी एकदम थंड असताना, रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन ऑइलचं झाकण उघडा आणि उलटं करून बघा. आतून काळं-तपकिरी तेल असेल तर बरं. दुधाच्या चहासारखा फेस असेल तर तेलात पाणी जातंय. थंडीत, थोडीच चाललेल्या गाडीला, झाकणाला किंचित पांढरट लागतं ते वेगळं, डिपस्टिकवरही तसंच दिसलं तर काळजी. मग कूलंटची बाटली बघा, कमीत कमीची आणि जास्तीत जास्तीची अशा दोन रेघा असतात, मोबाईलनं फोटो काढा, आठ दिवसांनी परत काढा. खाली कुठं थेंब नाही आणि लेव्हल उतरतेय म्हणजे ते पाणी इंजिन पितंय. सुरू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ निघत राहतो का तेही बघा. हे तिन्ही नसेल तर तुमचं इंजिन वाचलं. असेल तर मेकॅनिकला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी, करायला सांगा, आणि हेडचं काम निघालं, म्हणजे वीसेक हजारांच्या आसपास, तर मग मी दिरांच्या बाजूनं आहे, गाडी आहे तशी सांगून विका. लपवून विकू नका.

थर्मोस्टॅट जागेवर आहे का तेही विचारा. रेडिएटरचं काम करताना काढून फेकायची सवय अजून गेलेली नाही. तो नसला की इंजिन थंडीत लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

आता क्लच. ३१ हजार अधिक तुमचे दहा, एक्केचाळीस हजारांवर क्लच जायला नको खरं तर, छोट्या पेट्रोल गाडीचा सत्तर-ऐंशी हजार सहज जातो. गेला असेल तर दोनच कारणं, एक म्हणजे मामांकडं कोणीतरी पोट्टं या गाडीवर शिकलं, दुसरं कारण तुमचा डावा पाय. रागवू नका. कामठी रोडवर सिग्नलला उभं राहताना गिअर टाकून क्लच दाबून ठेवता का? चालताना पाय पेडलवर टेकवून ठेवता का? दुचाकीवरून नवीन आलेल्या निम्म्या लोकांना ही सवय असते. न्यूट्रल करा, पाय खाली घ्या. आणि क्लच खरंच गेला का ते असं कळतं: मोकळी सपाट जागा, समोर कोणी नाही, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर, तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडा. गाडी धडकन बंद पडली तर क्लच पकडतोय. इंजिन घरघर चालूच राहिलं तर प्लेट घसरते. एकदाच करायचं, गंमत म्हणून रोज नाही. घसरत नसेल तर सहा महिन्यांच्या भाकितावर आत्ता पैसे घालू नका. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी पळत नाही असं झालं की मग करा, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदम, मजुरी परत परत द्यायची नाही. आठ-नऊ हजारात व्हायला पाहिजे.

स्टेअरिंगच्या टकटकीत जरा सावध राहा. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मोटरला एक रबराची छोटी कपलिंग असते, चांदणीसारखी, तळहातात मावेल एवढी. उन्हानं ती कडक होते, तुटते आणि स्टेअरिंग हलवलं की टकटक येते. वस्तू काहीशे रुपयांची, मजुरी त्याहून जास्त कारण कॉलम उतरवावा लागतो. पण काही ठिकाणी पूर्ण कॉलमच बदला म्हणून वीस-पंचवीस हजार सांगतात. तसं सांगितलं तर "कपलिंग बघितली का?" एवढंच विचारा आणि चेहरा बघा. खालून, चाकाकडून आवाज येत असेल तर मात्र तो रॅकचा किंवा टाय रॉडचा असू शकतो, ते टाळायचं नाही. गाडी लिफ्टवर चढवून तुमच्यासमोर चाक हलवून दाखवायला सांगा.

दिरांच्या ईएमआयचंही बघून टाकू. नवीन हॅचबॅक रस्त्यावर येईपर्यंत सात लाख धरा, दीड लाख हातचे, साडेपाच लाख कर्ज, ९ टक्क्यांनी पाच वर्षं, हप्ता बसतो साधारण ११,४००. वर्षाला १ लाख ३७ हजार. पाच वर्षांत व्याजच १ लाख ३५ हजार. आणि गाडीला वर्ष झालं की इन्शुरन्सवाल्यांच्याच तक्त्यात तिची किंमत २० टक्के घटवलेली असते. नवीन गाडी पेट्रोलवर महिन्याचे हजार-बाराशे वाचवेल, दोन-तीन वर्षं वॉरंटीत कटकट नाही, हे फायदे मी नाकारत नाही. पण "नवीन घेतली की खर्च संपला" हे जे मनात असतं ना, त्यात खर्च संपत नाही, फक्त ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप कटतो म्हणून तो खर्च वाटत नाही. गॅरेजमध्ये मोजून दिलेले अकरा हजार वर्षभर आठवतात, हप्त्याचे अकरा हजार कोणाच्या लक्षातही राहत नाहीत.

दीर एका ठिकाणी बरोबर असू शकतात, ते कदाचित बोलले नसतील. तुमच्या गाडीत एअरबॅग आहे का? जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस? २०१४ मध्ये खालच्या मॉडेलला हे दोन्ही नसायचं, एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ मध्ये सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली, समोरच्या दोन्ही २०२२ पासून. मनीषनगर ते कामठी, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये, तर चालवून घ्या. पण हीच गाडी घेऊन समृद्धीवरून शिर्डीला जायचा बेत असेल, ताशी १२० च्या रस्त्यावर, मुलं मागे, तर मी नाही म्हणेन. तेवढ्या दोन दिवसांसाठी गाडी भाड्यानं घ्या किंवा ट्रेननं जा.

माझं मत विचाराल तर, ऑइलच्या झाकणात फेस नसेल, तर गाडी ठेवा, २०२९ पर्यंत. २०२९ च का, तर तेव्हा तिच्या आरसीची १५ वर्षं भरतील. आपल्याकडं दिल्लीसारखी बंदी नाही, फिटनेस करून, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाची फी भरून पुढची पाच वर्षं चालवता येते, पण तो चांगला मुहूर्त आहे थांबून विचार करायचा. तोपर्यंत दर महिन्याला तीन हजार बाजूला टाका, अकराशे त्या जुन्या कामांचे, साधारण पाचशे वर्षाच्या ऑइल-फिल्टरच्या सर्व्हिसचे, बाकी अचानकचे आणि इन्शुरन्सचे. ऑइल किलोमीटर भरले नाही तरी वर्षाला बदला, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, ते हवेतलं पाणी ओढतं.

हे छापलं जाणार म्हणून, जे अजून गाडी शोधतायत त्यांच्यासाठी चार गोष्टी मध्येच सांगतो. नागपुरातली गाडी घेत असाल तर विकणाऱ्याला सरळ विचारा, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे गाडी कुठं उभी होती? त्या रात्री अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी लोकांच्या पार्किंगमध्ये आली आणि कितीतरी गाड्या स्टेअरिंगपर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून बाजारात फिरतायत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, टोकाला मातीची रेघ दिसते, सीटबेल्टचं टोक धुवायचं कोणाला सुचत नाही. सीटखालचे नट-बोल्ट गंजलेले आहेत का बघा. दुसरं, दिल्लीची डिझेल, फार स्वस्त: तिकडं १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली म्हणून इकडं आलेली, पण एनओसी (दुसऱ्या राज्यात न्यायचं ना-हरकत पत्र) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरला की स्वस्ताई उतरते, आणि रोज दहा-पंधरा किलोमीटर चालवणाऱ्याला डिझेल घेऊन करायचंय काय, इंजेक्टर आणि टर्बोचं एक बिल आलं की वाचलेलं सगळं गेलं. तिसरं, शेवरोले २०१७ ला भारतातल्या बाजारातून गेली, फोर्डनं २०२१ ला इथले कारखाने बंद करतो म्हटलं, त्यांच्या गाड्या स्वस्तात मिळतात, फोर्ड तर चालवायला फार गोड, पण आधी तुमच्या मेकॅनिकला विचारा पार्ट किती दिवसांत आणतोस. 'भाऊ, आणतो ना' हे उत्तर धरायचं नाही. आणि अ‍ॅटोमॅटिक म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच एएमटी असतात, म्हणजे आत साधाच क्लच, फक्त तो मशीन दाबतं. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवायची सवय आधीच्या मालकाला होती का, ते गाडीच सांगेल, धक्के देत सुटेल.

आता ताई, परत तुमच्याकडं. 'आरसी अजून मामांच्याच नावावर आहे, घरातलीच गाडी म्हणून राहून गेलं.' तुम्ही क्लचची काळजी करताय आणि मला या अर्ध्या ओळीनं झोप नाही.

उद्या तुमच्या हातून कोणाला धक्का लागला, देव न करो, तर कायद्यासमोर गाडीचे मालक मामा. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय, रजिस्टरवर ज्याचं नाव तो मालक, मधे कितीही जणांनी विकत घेतली असली तरी. म्हणजे नोटीस मामांना जाणार. ई-चलान त्यांच्या मोबाईलवर येत असतील, गेलेत का बघा. आणि इन्शुरन्स? तो मामांच्या नावावर. गाडीच्या नुकसानीचा क्लेम करायला गेलात की कंपनी पहिला प्रश्न विचारेल तुम्ही कोण. ओनर-ड्रायव्हरचं १५ लाखांचं अपघात कव्हर असतं ना पॉलिसीत, ते पण मामांचं, रोज चाळीस किलोमीटर चालवणाऱ्या तुम्ही, त्यात तुम्ही नाहीच. कायद्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत, तुम्हाला वर्ष झालं. दंड लागेल, भरा, क्लचपेक्षा कमीच असेल.

म्हणजे वर्षभर तुम्ही मनात धरून बसलात की मामांनी आम्हाला अडकवलं, आणि कागदावर बघितलं तर वर्षभर मामाच तुमच्या गाडीत अडकलेले आहेत. हे मी टोचायला नाही म्हणत. पण सासूबाईंसमोर जो विषय निघत नाही ना, तो इथून काढा. "मामा, तुमच्या नावावर राहिलीय, तुम्हाला त्रास नको, सही करून द्या." यावर कोण रागावेल? आणि बोलता बोलता विचारून टाका की हिच्यात पाणी कोणतं टाकायचे आणि पोरं शिकली का हिच्यावर. ऑडिट केल्यासारखं नको, गाडीची हिस्ट्री म्हणून विचारा. वीस-पंचवीस हजार परत मागायचे का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल तर माझं म्हणणं, मागू नका. नात्यातला भाव चुकला तर तो चुकलेलाच बरा असतो.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ लागेल दोन प्रतीत आणि फॉर्म ३० एक, परिवहनच्या साइटवर सुरुवात करता येते. गाडीवर कधी कर्ज होतं का बघा, आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, हे बऱ्याचदा शेवटी लक्षात येतं आणि सगळं अडतं. २०१४ ची आहे म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लावायचीय, नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी. फास्टॅग मामांच्या खात्याचा असेल तर तो त्यांना बंद करायला सांगा आणि तुमचा नवीन घ्या. आरसी नावावर झाली की लगेच इन्शुरन्स बदलून घ्यायचा. मामांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्यांचा, त्यामुळे फरक भरावा लागेल आणि पॉलिसी महाग वाटेल. त्यात १२०० सीसीची आणखी एक गंमत आहे. पेट्रोलच्या छोट्या गाडीला करात सवलत १२०० सीसीपर्यंत म्हणून कंपन्यांनी ११९७ सीसीची इंजिनं काढली, पण थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, त्याचा स्लॅब १००० ला तुटतो. २०२२ च्या दरात १००० च्या आतल्या गाडीला २,०९४ आणि तुमच्या गाडीला ३,४१६, वर जीएसटी. हे पैसे कोणी लुटत नाहीये, तक्ताच तसा आहे. आणि नुसती थर्ड पार्टी घेऊ नका, २०२३ चा तो पुराचा सप्टेंबर आठवा, स्वतःच्या नुकसानीचं कव्हर पण ठेवा.

येत्या रविवारी जा. गाडी घेऊनच जा, मामांना पुढच्या सीटवर बसवून वर्धा रोडला एक चक्कर मारा, एसी लावून, तेव्हा त्यांना कळेल ही गाडी आता किती थंड होते. निघायच्या आधी, इंजिन थंड असताना, कूलंटची लेव्हल तेवढी बघा, आणि फॉर्म २९ च्या दोन्ही प्रती डॅशबोर्डमध्ये टाका.